बाथरूम आईच घासायची

दोन वर्षं आमच्या घरचं बाथरूम आई घासत होती आणि मी जगभर तिचं कौतुक करत फिरत होते. ऑफिसात डबा उघडला की माझी टकळी सुरू. आमची आई या वयातही बाथरूमला कुणाला हात लावू देत नाही म्हणून. मी रविवारी ब्रश घेतला की ती तो माझ्या हातातून काढून घ्यायची. म्हणायची, "ठेव गो तो. आठवडाभर दमतेस. मी न्हायला जाईन तेव्हा घाशीन." मला भरून यायचं. इतकी मूर्ख मी.

बाबा गेल्यावर आई राजापूरजवळच्या गावात एकटीच राहायची. तिच्या उजव्या गालाला आतून जखम झाली, ती काही केल्या भरेना, म्हणून तिला इथे रत्नागिरीला आमच्याकडे आणलं. पुढे कोल्हापूरला नेऊन ऑपरेशन केलं. डॉक्टरांनी जखमेचं कारण एका शब्दात सांगितलं, मशेरी. तव्यावर काळीकुट्ट होईपर्यंत भाजलेली तंबाखू बोटावर घेऊन दातांना चोळायची, हे आईनं लग्नाच्या आधीपासून केलेलं. गावातल्या सगळ्याच बायका करायच्या. दात घासायचे म्हणून सुरू करायचं आणि मग दिवसातून चार वेळा दातच घासत बसायचं. पुन्हा लावलीत तर मी काही करू शकणार नाही, असं डॉक्टर तिच्या तोंडावर म्हणाले.

आईला ओरडून काही सोडायला लावणं कधी कुणाला जमलं नाही. म्हणून घरी आणल्यावर मी सौदा केला. म्हटलं, "तू मशेरी सोड, मी मासे सोडते." समुद्राच्या काठावर राहून मासे सोडायचे म्हणजे काय, हे आईला सांगायची गरज नव्हती. बांगड्याचं डोकंसुद्धा चोखून खाणारी मी. आईचे डोळे भरले. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली आणि मी त्या दिवसापासून खरोखर मासे सोडले. बाजारात गेले की कोळणींच्या बाजूला बघायचे नाही. घरात मासे येत, कारण नवऱ्यानं शपथ घेतली नव्हती. आई त्याला सुरमईची जाड तुकडी तळून वाढायची आणि मी समोर बसून आमटीभात कालवायचे. जावयाचे एवढे लाड बघून मला बरंच वाटायचं.

गेल्या महिन्यात आई बारशाला देवरूखला मावशीकडे गेली. परत येईल तेव्हा तिला वाकायला लागू नये म्हणून मी रजा टाकली आणि सकाळीच पदर खोचला. बादल्या, मग, आंघोळीचं स्टूल, सगळं बाहेर काढलं. आमच्याकडे विहिरीचं पाणी येतं, त्यानं नळांवर पांढरे थर चढतात. त्यांना आमसुलाचं दाट पाणी लावून ठेवलं. फरशांवर सोडा टाकला. एक्झॉस्ट फॅनच्या पात्यांवरची चिकट धूळ चमच्यानं खरवडली. छान वाटत होतं. गाणं म्हणत होते मी.

जाळीपाशी फरशांच्या सांध्यांत काळपट डाग होते. पावसाळ्यातली बुरशी असेल असं वाटून जुना टूथब्रश घेतला आणि खाली बसून घासायला लागले. बुरशी हिरवट निघते. हे तपकिरी निघालं, आणि पाण्याबरोबर ओघळत जाळीत गेलं. पुन्हा घासलं, पुन्हा तपकिरी. मग वास आला. तो वास मी जन्मल्यापासून ओळखते. लहानपणी आई जवळ घ्यायची तेव्हा तिच्या पदराला तोच यायचा.

मी तशीच ओल्या हातांनी बाहेर आले आणि स्टूल उलटं केलं. आईचं ते प्लॅस्टिकचं बुटकं स्टूल. खालच्या पोकळीत औषधाची एक छोटी डबी चिकटपट्टीनं बसवलेली. ऑपरेशननंतर ड्रेसिंगसाठी आणलेलीच ती पट्टी. डबी मशेरीनं काठोकाठ भरलेली होती. बाथरूम का घासायची माझी आई, ते मला फरशीवर बसल्या बसल्या कळलं. तिथे थुंकायचं आणि तिथलं कुणी बघू नये म्हणून आपणच धुवायचं. दोन वर्षं मी त्यालाच माया समजत होते.

त्यात आई एकटी कधी बाजारात जात नाही. जिना उतरायलाही तिला कुणाचा तरी हात लागतो. नवरा हॉलमध्ये पेपर वाचत होता.

"अहो, हे काय आहे?"

त्यानं डबीकडे बघितलं आणि पेपर घडी केला. माणसाला आश्चर्य वाटलं तर तो पेपर घडी करत नाही.

"आईंनी मागितली," तो म्हणाला. "सासू मागते तेव्हा जावयानं नाही कसं म्हणायचं? आणि एवढीशी तर लावतात. त्याशिवाय त्यांना सकाळी पोट साफ होत नाही."

"आणि मला सांगायचं नाही?"

"तू आकांडतांडव केलं असतंस."

माझा नुसता संताप झाला. सुरमईच्या तुकड्या उगाच जाड नव्हत्या. माझ्याच घरात, माझ्याच ताटासमोर या दोघांचा व्यवहार चालला होता आणि मी समोर बसून आमटी भुरकत होते. मी उरलेलं बाथरूम घासायला गेले. काय करणार? अर्धवट टाकलं असतं तर निसरडं झालं असतं आणि ती पडली असती.

संध्याकाळी आईला एसटी स्टँडवरून तोच घेऊन आला. बाथरूमचं दार उघडं होतं, लख्ख फरशा दिसत होत्या. आईनं त्या बघितल्या, मग माझ्याकडे बघितलं, आणि खुर्चीवर बसली.

मी मोबाईलचा टॉर्च लावला. "तोंड उघड."

"आत्ता प्रवासातून आल्ये गो मी."

"आई, तोंड उघड."

तिनं उघडलं. उजवा गाल भरलेला होता, शिवणीची रेघ दिसत होती. डाव्या गालात आतून पांढरा चट्टा होता, आणि त्याच्या मधोमध लाल.

"कधीपासून आहे हे?"

"गणपतीच्या आधीपासून." तिनं तोंड पुसलं. "तिखट लागलं की झोंबतं."

"मग बोलली का नाहीस? इतके महिने?"

"बोलल्ये असते तर काढून घेतली असतीस."

मला रडू फुटलं. "आणि माझं काय? तू माझ्या डोक्यावर हात ठेवला होतास. मी तुझी कुणीच नाही का?"

आईला माझ्या रडण्याचं खरंच नवल वाटलेलं दिसलं. तिनं माझा हात धरून मला शेजारी बसवलं.

"तुझं काय गो," ती म्हणाली, "तू करतेसच की सगळं."

मी डोळे पुसले आणि कोल्हापूरच्या डॉक्टरांना फोन लावला.