उलट्या बाईसाहेब

कारखान्यात तिला सगळे लेसबाई म्हणत. काम होतं जुन्या काळच्या सरदार घराण्यांतल्या बायकांच्या चित्रांच्या हुबेहूब नकला काढायचं. मोठमोठी हॉटेलं त्या जिन्यात लावायला घेत. मूळ चित्राचा फोटो समोर ठेवायचा, कॅनव्हासवर चौकोन आखायचे, आणि मग एकेक बाईसाहेब या हातातून त्या हातात जायच्या. मागचा काळोख आणि मखमल पडदेवाले भाऊ रंगवत. लेस आणि मोती लेसबाईकडे. चेहरा मात्र फक्त मालकांचा, म्हणजे काकांचा.

त्यामुळे तिच्याकडे बाई यायची ती बिनचेहऱ्याची. भरजरी पोशाख, नाजूक मान आणि वर सोललेल्या अंड्यासारखी कोरी जागा. वर्षानुवर्षं ती त्या अंड्यांना गळ्यातलं घालत होती.

"काका, एक चेहरा द्या ना मला," ती दर थोड्या दिवसांनी म्हणायची.

"अहो, तुमच्यासारखी लेस दुसऱ्या कुणाला जमते का?" काका म्हणायचे. ते खरंच होतं, आणि तीच तर गोम होती. शिव्या दिल्या असत्या तर भांडता आलं असतं. कौतुकाशी भांडायचं कसं?

"नवरी सोडून अख्खी वरात सजवायची, हे आपलं नशीब," पडदेवाले भाऊ म्हणत. त्यांना त्याचं काही वाटत नसे. तिला वाटे. घरी भांडी घासतानासुद्धा ती फेसात बोटाने नाक-डोळे काढायची.

मग काकांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. एका डोळ्यावर पट्टी, आणि हॉटेलवाल्यांची एक बाईसाहेब तोंडावाचून अडलेली. काकांनी तिला बोलावलं. "हा चेहरा करून दाखवा. जमला तर चेहऱ्याची खुर्ची तुमची. नाही जमला तर बाहेरून माणूस आणतो, मग पुन्हा विषय काढायचा नाही. आणि हे बघा, उलटं करूनच."

हा कारखान्याचा नियम होता. चेहरा रंगवताना फोटो आणि कॅनव्हास, दोन्ही डोकं खाली करून टांगायचे. सुलटा चेहरा दिसला की हात फोटो सोडतो आणि ओळखीचं कुणीतरी काढायला लागतो, असं काका सांगत. उलटं असलं की नाक नाक राहत नाही, नुसता एक डाग उरतो. डाग बघायचा, डाग उतरवायचा.

"उलटं टांगून वटवाघूळ काढतात, माणूस नाही," ती पुटपुटली. इतकी वर्षं वाट बघून मिळालेल्या बाईला पायाकडून भेटायचं? तिने कॅनव्हास आतल्या खोलीत नेला, सुलटा केला आणि दार लोटून घेतलं.

त्या चेहऱ्यापुढे तिला दिवस पुरेनात. गालावर रंग चढला, ओठ मिटले, डोळ्यांत ओल आली. पुढे फोटोकडे बघायची गरजसुद्धा वाटेना.

चित्र पुरं झालं तेव्हा काका एका डोळ्याने बराच वेळ बघत राहिले. पडदेवाले भाऊ मान तिरकी करून म्हणाले, "यांना मी कुठंतरी पाहिलंय बुवा."

नेमक्या तेव्हाच तिच्या सासूबाई दारात उभ्या राहिल्या. ती घराची किल्ली विसरली होती, ती द्यायला आल्या होत्या. त्यांची नजर चित्रावर गेली.

"अगं बाई! सूनबाई, मला मोत्यांत बसवलंस की!"

"आई, त्या तुम्ही नाही. सरदारीण आहेत."

"मग माझं नाक तिच्याकडे कसं गेलं?"

पडदेवाले भाऊ खोकल्याच्या निमित्ताने बाहेर पळाले. सासूबाई आणखी जवळ गेल्या. भुवया, दाबलेले ओठ, सगळं बघितलं. मग आवाज खाली आला. "मी अशी बघते तुझ्याकडे? इतकी चिडून?"

लेसबाई ब्रश पुसू लागली. दोन वेळा जेवायला समोरासमोर बसायचं म्हटल्यावर दुसरा कुठला चेहरा हाताला सापडणार होता?

"सुलटं ठेवलंत ना?" काकांनी विचारलं. तिने मान खाली घातली. "खरवडा. आणि आता उलटं करून करा. शेवटची संधी."

"खरवडताय कशाला? मी नेते घरी," सासूबाई म्हणाल्या.

"नाही हो नेता येणार. मोती हॉटेलचे आहेत," काका म्हणाले.

तिने पातळ सुरी घेतली. आधी ओठ गेले, मग नाक. डोळे खरवडताना हात थांबला, पण खरवडले. कॅनव्हास उलटा टांगला. हनुवटी वर, कपाळ खाली. ती चौकोन मोजून डाग भरत गेली, तांबूस, करडा, पुन्हा तांबूस, अगदी लेस भरायची तसे. कुठेही अडली नाही. अडावं असं काही तिथे नव्हतंच.

चित्र सुलटं केलं तर साक्षात सरदारीण! फोटोतून उठून आल्यासारखी.

"वा! खुर्ची तुमची," काका म्हणाले. भाऊंनी टाळ्या वाजवल्या. ती त्या परक्या बाईकडे बघत राहिली. ही कधी आली, कुठून आली, तिला पत्ताच लागला नव्हता. आतल्या आत असा संताप झाला, आणि तो काढायचा कुणावर तेही कळेना.

घरी सासूबाईंनी ताट वाढलं. "माझं काय केलंस?"

"खरवडलं."

"बरं." त्या समोर बसल्या. कपाळावरच्या आठ्या बोटांनी सारख्या केल्या, ओठ कसेबसे फाकवले आणि तशाच थांबल्या. "आता बघ. आता काढशील?"

लेसबाईने वर बघितलं. ते हसू ओढूनताणून आणलेलं होतं, एका बाजूला निसटत होतं, आणि असं काढायला तिला फार आवडलं असतं.

"आई, मला आता उलट्याच बायका काढाव्या लागणार," ती म्हणाली, आणि रागारागाने घास मोडला.