दुपारचा बर्फ

रेगेन्सबर्गहून सकाळी साडेसहाची गाडी पकडायची असं ठरलं होतं. आम्ही निघालो साडेआठला, कारण मी पुऱ्या लाटत बसले होते. कुणी मागितल्या होत्या? कुणीच नाही! पण सासऱ्यांना घेऊन डोंगरात जायचं आणि डब्यात ब्रेडचे तुकडे न्यायचे, हे काही मला पटेना. बाबा, म्हणजे माझे सासरे, पाच वाजल्यापासून तयार होऊन बसले होते. "अगं, रात्रीची पोळी घे गुंडाळून," असं दोनदा म्हणाले. मी ऐकलं नाही.

बाबा एकाहत्तर वर्षांचे, दर रविवारी सिंहगड चढणारे. तीन महिन्यांसाठी इकडे जर्मनीत आले आणि पहिल्या दिवसापासून एकच हट्ट: बर्फातलं एक शिखर पायी चढायचं. नवरा कामासाठी बाहेरगावी, आणि मी प्रत्येक शुक्रवारी "पुढच्या वीकेंडला नक्की" म्हणत राहिले. बघता बघता मार्च संपत आला. तो रविवार शेवटचा, दुसऱ्या दिवशी त्यांचं विमान.

गाडी आणि मग बस, असं करत आम्ही बायरिशर वाल्डमध्ये (बव्हेरियाच्या पूर्वेचा जंगली डोंगराळ भाग) पोचलो. खाली गावात गवत हिरवं, बागांत पिवळी फुलं. तासभर चढल्यावर मात्र झाडांखाली सगळं पांढरं. आम्ही बुटांवर ग्रोएडल (बर्फात पाय रोवणारे लोखंडी दात) चढवले. बाबा पुढे, मी मागे धापा टाकत. मधली पायवाट तुडवून घट्ट झालेली, पण ऊन चढलं तसा बर्फ भिजवलेल्या साबुदाण्यासारखा मोकळा होऊ लागला.

झाडी संपली तिथे वरून एक आजी उतरत आल्या, दोन्ही हातांत काठ्या. "ग्र्युस गॉट," (इकडचा रामराम) म्हणाल्या आणि घड्याळ बघितलं.

"वर निघालात? आल्झो (म्हणजे 'हं, तर'), आता नको. सकाळी बर्फ गोठलेला असतो तेव्हा पाय टिकतो. आता मांडीपर्यंत रुताल. वरच्या उतारावर तर बर्फ सुटून घसरायला लागलाय. उद्या सातला या."

मी बाबांना मराठीत सांगितलं. उद्याचं मात्र सांगितलं नाही.

"अगं, तो बघ शिखरावरचा क्रूस! अर्धा तास फार तर." असं म्हणून ते चार पावलं गेले आणि खरोखरच मांडीपर्यंत आत. आजींनी आणि मी त्यांना ओढून काढलं. मग माझा तोल सुटला.

"अहो बाबा, हा काय सिंहगड आहे? या वयात कसले हट्ट? तुम्हाला काही झालं तर आईंना काय तोंड दाखवू मी?"

बाबांनी पँटवरचा बर्फ झटकला. "चल," एवढंच म्हणाले. खालच्या बाकावर बसून आम्ही त्या पुऱ्या खाल्ल्या. गार, चिवट झाल्या होत्या. त्यांनी बटाट्याच्या भाजीचं कौतुक केलं.

संध्याकाळी घरी पोचल्यावर पुण्याहून सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला. "काय हो, झालं का शिखर?"

"नाही गं. मलाच दम लागला. ही बिचारी तयार होती."

मी समोरच उभी होते. बोलले असते तर? पण नाही बोलले. सुटले बाई, असंच वाटलं त्या क्षणी. लाज वाटते आता सांगायला.

बाबा परत गेले आणि दम लागला म्हणून सासूबाईंनी त्यांचा गड बंद केला. डॉक्टर म्हणाले छाती ठणठणीत आहे, तरी नाही. आता ते रविवारी सोसायटीच्या बागेत फेऱ्या मारतात. फोनवर विचारलं तर "मजेत आहे" म्हणतात.

आई, हे तुम्ही वाचालच. बाबांना दम लागला नव्हता, एकदाही नाही. त्या चढावर मीच त्यांना "जरा थांबा" म्हणत होते. उशीरही माझ्यामुळेच झाला. ते माझ्यासाठी खोटं बोलले आणि मी बोलू दिलं. येत्या रविवारी त्यांना गडावर जाऊ द्या.