मातेची ओटी आणि आचलची लस

गल्लीतल्या मंजुषाच्या लेकराच्या अंगावर गोवराचे पुरळ उठले, तेव्हा दाराला कडुनिंबाचा डहाळा जयवंताबाईंनीच बांधला. दर्यापुरातल्या त्यांच्या वस्तीत कुणाकडे माता आली की हे काम त्यांचेच. आज मातेची ओटी भरायला बाया आपापली लेकरे कडेवर घेऊन येणार होत्या. तशी रीतच होती. पण जयवंताबाईंचा जीव सकाळपासून थाऱ्यावर नव्हता. गोवर श्वासातून दुसऱ्या लेकराला लागतो, असे नर्सबाई कालच सांगून गेल्या होत्या, आणि जयवंताबाईंच्या नातीची, आचलची, दुसरी लस सोयाबीन सोंगायच्या धांदलीत राहूनच गेली होती.

बाया दिसल्या तशा जयवंताबाई मंजुषाच्या दारात वाट अडवून उभ्या राहिल्या.

"लेकरं घेऊन आत येऊ नका व माय!"

"काहून?" शेजारच्या सुभद्राबाई चिडल्या. "निंब तुमीच बांधता अन् वाटबी तुमीच अडवता? माता कोपली म्हंजे?"

"कोपली तं माह्यावर कोपन. ओटी मी एकटी भरतो. तुमी लेकराइले दवाखान्यात न्या, लस राह्यली असन तं देऊन घ्या."

"अन् तुमची आचल?"

जयवंताबाई आत वळल्या. त्यांनी घाईघाईने ओटी भरली, हात जोडले, आणि घरी जाऊन हातपाय धुऊन नातीला उचलले. दवाखान्याच्या वाटेवर त्या सारखा तिच्या कपाळाला हात लावून बघत होत्या.

मागून सुभद्राबाईंची हाक आली, "थांबा नं बाई! मीबी येतो पोट्ट्याले घेऊन."