उतरलेल्या आवाजातला अल्बम

आमच्या घरात एक नियम होता: त्या बाईंचा नवा अल्बम आला की नवरा बोटीवरून परत येईपर्यंत तो फोडायचा नाही. बाई म्हणजे इंग्लंडची एक पॉप गायिका. आम्ही कॉलेजात होतो तेव्हा तिचं पहिलं गाणं आलं, आणि ती अजून गातेच आहे. नवरा मरीन इंजिनिअर, महिनोन् महिने जहाजाच्या इंजिनरूममध्ये. सिंगापुरात चोआ चू कांगच्या आमच्या फ्लॅटमध्ये नवी सीडी शोकेसमध्ये प्लास्टिकसकट पडून राहायची आणि मी येता-जाता तिच्याकडे बघून चरफडायचे. तो आला की आंघोळ, वरण-भात, आणि मग दोघं फरशीवर बसून ऐकायचो. मध्ये बोलायचं नाही. शेवटी भांडायचं. त्याला हमखास भलतंच गाणं आवडायचं.

बाईंनी तरी काय काय केलं! आधी केस फुगवून नाचाची गाणी, मग लग्न मोडल्यावरची रडकी, मग एक ख्रिसमसचा अल्बम, ज्याबद्दल मी तिला अजून माफ केलेलं नाही. पण आवाज वरच्या पट्टीत गेला की अंगावर काटा यायचा.

नवरा निवृत्त होऊन कायमचा घरी आला आणि नेमकं तेव्हाच माझ्या लक्षात आलं, की याला तिचं गाणं ऐकूच येत नाही. इंजिनरूमने त्याचे कान घेतलेत हे माहीत होतं. बारीक, उंच आवाज आधी जातात, असं डॉक्टर म्हणाले होते. कानाचं मशीन घेतलं, तर ते कपाटात. गाणं नुसतं खरखरतं म्हणे त्यातून. तरी मी जुना अल्बम लावला की तो शेजारी येऊन मान डोलवायचा. एकदा गाणं संपलं तरी डोलवत राहिला. मला इतका राग आला की मी उठून घासलेली भांडी पुन्हा घासायला घेतली. राग कसला, भीतीच होती ती. आमचं एकत्र ऐकणं संपलं होतं, आणि हा मला ते कळू देत नव्हता.

मध्यंतरी बाईंचा नवा अल्बम आला. आता फोडायलाही काही नसतं, फोनवरच येतो. रविवारी मुलगी जेवायला आली होती, तिने तो आधीच ऐकला होता.

"आई, डोन्ट एक्स्पेक्ट टू मच, ओके? हर व्हॉइस गॉन ऑलरेडी लाह."

खरंच गेला होता. जेवणानंतर मी अल्बम लावला आणि पहिल्याच ओळीला ते कळलं. वरची पट्टी नाहीच. खाली उतरलेला, जाडसर, दमलेला आवाज, मागे एकटा पियानो, आणि एकेक शब्द सावकाश टाकलेला. जिच्या गाण्यांवर आम्ही नाचलो तिचं हे असं मला ऐकवेना. मी बंद करायला हात पुढे केला.

"थांब," नवरा म्हणाला. "असू दे."

तो मान डोलवत नव्हता. अगदी स्थिर बसला होता. गाणं संपल्यावर म्हणाला, "स्वतःच्या आईचं घर विकायला काढलंय ना या बाईंनी? त्याचंच आहे हे."

मुलगी माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "येस, बाबा." तिच्या बारीक आवाजातलं ते मात्र त्याला ऐकू गेलं नाही, मला मोठ्याने सांगावं लागलं.

"आत्ता कुठे नीट गायला लागली," तो म्हणाला. "इतकी वर्षं नुसती किंचाळत होती."

एरवी या वाक्यावर मी तासभर भांडले असते. त्या दिवशी मात्र मी पुन्हा तेच गाणं लावलं.

खरं सांगायचं तर मला तो अल्बम आवडत नाही. पण रोज सकाळी चहाबरोबर तो लागतो. मी सोबत गुणगुणते, आणि शब्द चुकला की नवरा मला थांबवून बरोबर शब्द सांगतो.