धवलारीण गप्प बसली तेव्हा

शांते, मी गाव सोडलं त्या सकाळी तू फ्रॉकची नाडी तोंडात धरून उभी होतीस. गावानं आपल्या वस्तीतली घरं जाळली त्याला दोनेक महिने झाले असतील. आपली एक भिंत काळी पडली होती, आई तिच्यावर रोज शेणामातीचा हात फिरवायची आणि खालचं काळं पुन्हा वर यायचं. एस.टी. आली तेव्हा आबांनी माझी आणि ह्यांची ट्रंक टपावर चढवली आणि धोतराला हात पुसत म्हणाले, "तिकडं कुणी जात इचारत न्हाई." आईचं वेगळंच. खिडकीला धरून ती मला सांगत होती, "कुठं गेलीस तर मागं बसावं बाई. म्हंजी कुणी उठवत न्हाई."

मी रडले नाही. बायका म्हणाल्या, पोरगी दगडाच्या काळजाची आहे. तसं काही नव्हतं. खूप वेळ मांडी घालून बसलं की पाय आपला वाटत नाही ना, तसं मला सगळंच वाटत होतं. ते पुढंही बरीच वर्षं राहिलं, आणि खरं सांगायचं तर अजून पुरतं गेलेलं नाही.

नवी मुंबई तेव्हा नावालाच शहर होती. रुंद रस्ते, त्यावर माणूस नाही. अर्ध्या बांधलेल्या बिल्डिंगी, खाडीचा वास, चिखल. ह्यांना आधी खडी फोडायचं काम मिळालं. पुढं कांद्या-बटाट्याचं मार्केट वाशीला आलं, तेव्हा हे हमालीला लागले आणि मी कांदा निवडायला. आबा म्हणाले होते ते खोटं नव्हतं. इथं जात विचारत नाहीत. गाव विचारतात, मग आडनाव विचारतात, आणि मग काही विचारायची गरज राहत नाही.

चांगुणा मला तिथंच भेटली. करावे गावची आगरीण, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, काष्टा घातलेली, आवाज असा की ह्या गेटवरून त्या गेटवर जावा. तिच्या घरची भातशेती नव्या शहरात गेली होती, म्हणून तीही आमच्यासारखी कांद्यात बसायची. तिची माझी पहिली बोलणी झाली ती पाण्यावरून. मी दिवसभर पाणी पीत नाही हे तिच्या लक्षात आलं. मीच काय, कुठलीच बाई प्यायची नाही, कारण जायला जागा नव्हती. पुरुष भिंतीकडे तोंड करायचे. आम्ही अंधार पडायची वाट बघायची. मी तिला म्हटलं, चालायचंच, बाईमाणसाला सवय असते. ती फिसकन हसली आणि म्हणाली, म्हशीला पण सवय नसते गं अशी.

मग तिनंच बायका गोळा केल्या. मुकादमाला सांगून झालं, व्यापाऱ्यांना सांगून झालं, सगळे हो हो म्हणायचे आणि पुढच्या महिन्यावर ढकलायचे. एका सकाळी आम्ही शेडच्या तोंडाशी, ट्रक आत वळतात तिथं, ओळीनं खाली बसलो. मला उभं राहायचं होतं, म्हणजे पळता आलं असतं. चांगुणानं पदराला धरून खाली ओढलं. उभ्या बाईला हाकलतात, बसलेल्या बाईला उचलावं लागतं, आणि उचलायला हात कोण लावणार, हे तिचं म्हणणं. बसल्या बसल्या ती गाणं म्हणायला लागली, आम्ही मागून ओळ ओढायचो. चौथ्या दिवशी ट्रकमधल्या कांद्याला कोंब दिसायला लागले आणि सगळ्यांना एकदम आमची कणव आली. पत्र्याचे संडास उभे राहिले. दाराला कडी होती. मी पहिल्यांदा आत गेले तेव्हा कडी लावून नुसती उभी राहिले. आनंद व्हायला हवा होता. झाला असेल, मला कळला नाही.

आता मुख्य सांगायचं ते सांगते, नाहीतर म्हातारीची गाडी घाटात अडकायची.

चांगुणा धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात ही बाई मोठी. हळदीपासून ती धवले गाते, म्हणजे लग्नाची गाणी. गाण्यातूनच देवांना, मेलेल्या वाडवडलांना मांडवात बोलावते. ती गायली नाही तर हळद लागत नाही, बाकी कोणी किती का शहाणा असेना. तिच्या दिराच्या मुलीचं लग्न निघालं आणि तिनं मला करावेला बोलावलं, तिच्या शेजारी बसून मागून गायला. मार्केटात गायचो तसंच, म्हणाली. मी जरीकाठाचं एकच लुगडं होतं ते नेसले. इतक्या वर्षांत कुणी मला मांडवात पुढं बसायला बोलावलं नव्हतं. मला जायचं होतं गं, फार जायचं होतं.

मांडवात चांगुणाच्या जाऊबाईनं, म्हणजे नवरीच्या आईनं, गोडच विचारलं. गाव कुठलं, आडनाव काय. मी सांगितलं. ती म्हणाली, गर्दी होईल, तुम्ही बाहेर पिंपापाशी सावलीला बसा, जेवण तिथंच पाठवते. ओरडली नाही, हिडीसफिडीस केलं नाही. आणि मी गेले. आईनं सांगितल्यासारखी मुकाट जाऊन बसले. राग आला नाही, अपमान वाटला नाही. ओळखीच्या जागी आल्यासारखं वाटलं, आणि त्याचीच मला आज सगळ्यात जास्त चीड येते.

आत गाणं सुरू झालं आणि मधेच थांबलं. मला वाटलं, ती पाणी पीत असेल. पण गाणं पुढं जाईना. मग आवाज वाढले. पोरीच्या अंगाची हळद वाटून ठेवलेली, पाहुणे ताटकळलेले, आणि धवलारीण मांडी घालून गप्प. दिरानं हात जोडले, जाऊ रडली. चांगुणा एकच वाक्य बोलली, ते बाहेर मला ऐकू आलं. "माजी सोबतीन बाहेर, तं माजा गला पन बाहेर."

जाऊबाई मला बोलवायला आली. डोळे लाल. मी तिला म्हटलं, मी बरी आहे इथं, माझ्यापायी लग्नाचा विचका नको. तशी चांगुणा स्वतःच उठून बाहेर आली. मला वाटलं, समजूत काढेल. ती चिडली होती, आणि माझ्यावरच चिडली होती.

"तुजेसाठी नाय मी गप बसली," ती म्हणाली. "माजेसाठी बसली. तुला इथं बरं वाटतं, पन मना नाय वाटत."

मी उठले. आत गेले आणि पुढं बसले. गाण्याचे शब्द येत नव्हते, शेवटची ओळ तेवढी मागून ओढली, तीही चुकीची. दोघीतिघी पोरी फसकन हसल्या. हळद लागली. लग्न झालं.

नंतर बराच काळ करावे गावात चांगुणाला लग्नाला कुणी बोलावलं नाही. तिला विचारलं तर म्हणायची, बरं झालं, गळ्याला आराम. पण मार्केटात ती कांदा निवडताना पूर्वीसारखी गुणगुणायची नाही, ते मी बघत होते. मैत्रीचा हिशेब कुणी करू नये म्हणतात. मी करत नाही. फक्त मला माहीत आहे तिचं काय गेलं ते.

पुढं आम्ही नेरूळला खोली घेतली. सोसायटी झाली, मीटिंगा झाल्या, मी मीटिंगला पहिल्या रांगेत बसायला लागले आणि तोंडही चालवायला लागले. एकदा आबा आले होते, तुला आठवत असेल, डोळ्याच्या ऑपरेशनआधी. त्यांना घेऊन मी चांगुणाकडे गेले. मी चपला काढून सरळ आत जाऊन बसले. माझी जागा ठरलेली होती, खांबाला टेकून. मागं वळून बघते तर आबा अंगणात, चपलांपाशी उकिडवे बसलेले.

मी म्हटलं, आबा, आत या, घर आपलंच आहे. त्यांनी मान हलवली. चांगुणानं दोनदा म्हटलं. आबा हसून म्हणाले, "हितंच बरं हाय, वारं येतंय." वारं कुठलं, पान हलत नव्हतं. मग चहाचे दोन कप घेऊन ती बाहेर गेली आणि त्यांच्याशेजारी भुईवर बसली. दोघं पावसापाण्याचं बोलत राहिले. मला उठून त्यांच्याजवळ जावंसं वाटत होतं. आतून नुसती ओढ लागली होती, कितीतरी वर्षांनी काही वाटत होतं. पण उठले असते तर पुन्हा बाहेरच बसले असते. मी उठले नाही. माझा चहा मी आत बसून प्यायले.

आता चांगुणा नाही, आबा नाहीत, आई नाही. तू दर दिवाळीला फोनवर विचारतेस, ताई, घरी कधी येतेस. मी काहीतरी गुडघ्याचं सांगते, टेन्शन घेऊ नको म्हणते. गुडघ्याचं खरं नाही. मी घरीच आहे, शांते. आबा तेवढे बाहेर राहिले.