तेल बघा, धार बघा

आमच्या ह्यांना गाडीतला धक्का गुरुवारी संध्याकाळी जाणवला. गाडी मी चालवत होते, हे शेजारी बसले होते. विश्रांतवाडीच्या चौकात सिग्नल सुटला आणि हे म्हणाले, "जाणवलं?" मला काहीच जाणवलं नव्हतं. "गिअर बदलताना. धक्का." मी म्हटलं, गाडी ऑटोमॅटिक आहे, ती गिअर कधी बदलते ते तिचं तिला माहीत. त्यावर हे गप्प बसले. आमचे हे गप्प बसले की पुढचे दोन दिवस गेलेच म्हणून समजायचं.

रविवारी मी पाचगणीला जाणार होते. मी आणि शाळेतल्या माझ्या तीन जुन्या सहकारी, आणि गाडी मी चालवणार होते. जन्मभर मी सातवीला गणित शिकवलं आणि जन्मभर स्कूटरच्या मागच्या सीटवर बसले. पुढे चारचाकी आली, तेव्हा डावीकडच्या सीटवर बसले. क्लच, गिअर, आरसा आणि समोरचा टेम्पो एवढं सगळं एका वेळी सांभाळणं मला काही जमलं नाही. निवृत्तीनंतर ही बिनक्लचची गाडी घेतली आणि मी शिकले. आधी सोसायटीच्या मागच्या रस्त्यावर, मग आळंदी रोडला, मग एकदा दिवाळीच्या आठवड्यात चक्क मार्केट यार्डात, हातगाड्या आणि हमालांमधून. त्या दिवशी घरी आल्यावर मी शिरा केला आणि एकटीने खाल्ला.

घाट तेवढा राहिला होता. पसरणीचा घाट मी चढवणार, असं मैत्रिणींना सांगून बसले होते, आणि त्या बिचाऱ्यांनी विश्वासही ठेवला होता. ह्यांना सांगितलं तेव्हा हे "जा की" म्हणाले. पुण्यात "जा की" या शब्दांचा अर्थ जा असा होतोच असं नाही.

शुक्रवारी ह्यांनी सर्व्हिस सेंटरला फोन लावला. तिकडून उत्तर आलं की या गिअरबॉक्सचं तेल बदलावं लागत नाही, ते लाइफटाइम आहे. "कुणाच्या लाइफटाइम?" असं विचारून ह्यांनी फोन ठेवला आणि नाना पेठेतून तेलाचे डबे घेऊन आले. मी म्हटलं, सोमवारी करा, मी परत आल्यावर. "आणि घाटात गिअरबॉक्स बसला म्हणजे?" हे म्हणाले. हे आयुष्यभर कारखान्यात मेंटेनन्सला होते, यंत्र बसायच्या आधीच ते उघडायची सवय.

शनिवारी सकाळी पार्किंगमध्ये कारखाना उघडला. गाडी जॅकने उचलून चार लोखंडी घोड्यांवर चढवली. आमच्या पार्किंगला उतार आहे, पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून. पाणी तरीही तिथेच साचतं, ती गोष्ट वेगळी. पण ह्यांना गाडी अगदी समतल हवी होती, म्हणून पाणसळ लावून तासभर मापं काढणं चाललं. तळमजल्यावरचे सेक्रेटरी प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन आले आणि छान ऐसपैस बसले. त्यांनी विचारलं, "एवढी सपाट कशाला? कॅरम खेळणार आहात का?"

ह्यांनी समजावलं. जुन्या गाड्यांना तेल मोजायची पट्टी असायची. ओढली, पुसली, बुडवली, पाहिली, संपलं. हिला पट्टीच नाही. हिच्या गिअरबॉक्सच्या तळाला एक भोक आहे आणि भोकात एक उभी नळी. तेल जास्त झालं तर नळीवरून सांडून बाहेर येतं. धार थांबून थेंब पडायला लागले, की पातळी बरोबर. फक्त गाडी समतल हवी, इंजिन चालू हवं आणि तेल चाळीस डिग्री गरम हवं.

"म्हणजे तेल बघायचं आणि तेलाची धार बघायची," सेक्रेटरी म्हणाले. ही म्हण मी वर्गात शेकडो वेळा वापरली असेल. तिचा असा शब्दशः अर्थ निघेल असं वाटलं नव्हतं.

माझी कणीक मळायची परात गाडीखाली गेली. मी ओरडायच्या आत तळाचा नट सुटला, पाठोपाठ आतली नळी निघाली आणि तेल परातीत पडू लागलं. सगळं निथळल्यावर ह्यांनी भरायच्या नटाला पाना लावला. हा नट गिअरबॉक्सच्या बाजूला, वरच्या अंगाला असतो. तो हलेना. ह्यांनी पान्याला पाइप जोडून जोर लावला. हलेना. गंजनिवारक फवारा मारून झाला, हातोडीने ठोकून झालं. नट आपला तिथेच.

"म्हणजे तेल गेलं," सेक्रेटरी शांतपणे म्हणाले, "आता तुपाचं काय करताय?"

मी मट्कन पायरीवर बसले. गाडीत तेलाचा थेंब नाही, भरायची वाट बंद, आणि उद्या पहाटे तीन बायका पिशव्या भरून माझी वाट बघत उभ्या राहणार. कुठलंही भांडं रिकामं करण्याआधी ते परत भरता येईल ना ते बघावं, हे मला कळतं, मग मेंटेनन्सच्या माणसाला कळत नाही? कारखान्यात कुणी असं केलं असतं तर ह्यांनी त्याचं नाव आठवडाभर जेवताना काढलं असतं. तेवढ्यात परातीकडे लक्ष गेलं. तेल लालसर होतं, स्वच्छ, कोकमाच्या सरबतासारखं. ह्यांनीच मला सांगितलं होतं, खराब तेल काळं पडतं आणि करपल्यासारखा वास येतो. मी वाकून वास घेतला. करपल्याचा वास नव्हता.

मग मात्र डोक्यात चक्र फिरलं. धक्का मला जाणवला नाही. तेल चांगलं निघालं. नट नेमका आज अडकला. हे सगळं माझी सहल मोडायला चाललंय, असं मनात आलं आणि मला इतका राग आला की रडू फुटेल असं वाटलं. मी उठून चाकापाशी जाऊन बसले आणि खाली डोकं घालून पाहिलं. हे उताणे पडून, डोक्यावरून नटाच्या मागे हात घालून, घामाघूम होऊन जोर लावत होते.

"अहो, तुम्ही आवळताय."

"काय?"

"घड्याळाकडे मागून बघितलं तर काटे उलटे फिरतात. तुम्ही नटाच्या मागच्या बाजूला आहात. सोडवत नाही आहात तुम्ही, आवळताय."

मग पाना दुसऱ्या बाजूला बसल्याचा आवाज आला. पाइपचं दुसरं टोक बाहेर माझ्या हाताशी आलं होतं, ते मी दोन्ही हातांनी धरलं आणि अंगातला सगळा राग त्यात घातला. कट्ट असा आवाज झाला आणि नट सुटला. सेक्रेटरींनी टाळी वाजवली, एकच.

तळाची नळी आणि नट परत बसवून, जेवढं तेल निघालं होतं ते बाटल्यांनी मोजून तेवढंच नवं घातलं, वर थोडं जास्त. आता ते गरम करून पातळी बघायची होती. पण चाळीस डिग्री मोजायचे कशाने? सेक्रेटरी उठले आणि वॉचमनच्या केबिनमधून कोरोनात घेतलेलं, कपाळाला लावून ताप मोजायचं पिस्तूल घेऊन आले. "सोसायटीची मालमत्ता आहे," ते म्हणाले, "तेल लागता कामा नये." पिस्तूल फॅरनहाइट दाखवत होतं. मी मनात हिशेब करून सांगितलं, "एकशे चार."

"आमच्याकडे एवढ्या तापाला डॉक्टरला बोलावतात," सेक्रेटरी म्हणाले आणि चहाला गेले.

मी गाडीत बसून इंजिन सुरू केलं. हे पिस्तूल घेऊन खाली. ह्यांचं तोंड मला दिसत नव्हतं, फक्त पायाखालून आवाज येत होता. अठ्ठ्याण्णव. नव्याण्णव. मी विचारलं, "खरं सांगा. धक्का बसत होता का?"

इंजिन घुरघुरत होतं. मला वाटलं ऐकू गेलं नसेल.

"नव्हता," खालून आवाज आला.

"मग हा सगळा खटाटोप कशाला?"

"तू त्या घाटात असशील आणि मी इथे टीव्ही बघत बसलेला असेन. रात्री झोप लागेना. म्हटलं, काहीतरी करावं. तेल तरी बदलावं." मग म्हणाले, "आणि नटाचं खरंच कळलं नाही गं. डोक्यात घाटच होता."

माझा राग कुठल्या कुठे गेला. शंभर, हे म्हणाले. मग म्हणाले, "आता सगळ्या गिअरमधून फिरव. रिव्हर्स, मग ड्राइव्ह. ब्रेक दाबून ठेव. सोडलास तर चाकं फिरतील आणि गाडी घोड्यांवरून उतरेल."

"तुम्ही आधी बाहेर या."

"परत खाली जायला कंबर तयार नाही."

"अहो, ब्रेक माझ्या पायाखाली आहे!"

"माहीत आहे. दुसरं कुणी बसलं असतं तर आलो असतो बाहेर."

मी ब्रेक दाबला. रिव्हर्स टाकला. गाडीला हलकासा हिसका बसला. न्यूट्रल. ड्राइव्ह. पोटरीत गोळा आला तरी मी पाय तसूभर हलवला नाही. जो माणूस माझ्या काळजीने रात्रभर जागा होता, तोच आता माझ्या एका पायाच्या भरवशावर दीड टन लोखंडाखाली उताणा पडून आकडे वाचत होता. एकशे दोन. एकशे तीन. मी गिअर परत पार्किंगला आणला.

"एकशे चार," हे म्हणाले आणि तळाचा नट फिरवला. या वेळी बरोबर दिशेला.

"धार?" मी ओरडले.

"आहे. चांगली जाड आहे. आता बारीक झाली. अजून बारीक. तुटली. थेंब. थेंब. थेंब." नट आवळल्याचा आवाज आला. "झालं. उद्या पाचला निघा, घाटात गर्दी व्हायच्या आत. इंजिन बंद कर आता. आणि पाय काढ, पार्किंगला आहे गाडी."

मी इंजिन बंद केलं. ह्यांचं डोकं, मग खांदे, मग तेलकट बनियन, मग शेवटी दोन्ही चपला गाडीखालून बाहेर आल्या. हे उठून, भिंतीला धरून, कंबर सरळ करून उभे राहिले. मग मी पाय काढला.