पायाळूची मान

चौक गावच्या गॅरेजमधला बाळू मेस्त्री माझ्या दवाखान्यात एका पायातली चप्पल काढून तयार उभा होता. ज्यांच्या मानेवर तो लाथ मारणार होता त्या कडावच्या हिरामावशी बाकावर पाठमोऱ्या बसल्या होत्या. दोघेही पायाळू, म्हणजे पायाकडून जन्मलेले. पायाळूच्या लाथेने उसण जाते, ही सत्तरच्या दशकात आमच्याकडे एमबीबीएसच्या वरची डिग्री होती. मावशींनी निम्म्या गावाच्या कमरा मोकळ्या केलेल्या. स्वतःची मान मात्र आखडली ती आखडलीच. स्वतःला लाथ मारणार कशी? म्हणून मेस्त्री.

"पन हे इथे कशाला?" मीही त्यांच्याच भाषेत विचारलं.

"काय झालंच तर डाक्टर समोर असलेला बरा," मावशींचे मालक म्हणाले.

मावशींच्या कानामागे खवले होते, नखांवर टाचणीने टोचल्यासारखे खड्डे, एक बोट टम्म सुजलेलं. कातडीचा सोरायसिस सांध्यांत उतरला होता. मी आधीच काढायला लावलेल्या एक्स-रेत मानेचे वरचे दोन मणके एकमेकांवरून सरकलेले दिसत होते. त्यांच्यामधूनच मज्जारज्जू जातो. तिथे दणका बसला तर हातपाय कायमचे लुळे, नाहीतर जागीच खेळ खलास. मी फोटो खिडकीशी धरून हे सगळं समजावलं.

मालकांनी तो नीट पाहिला. "यात वारा कुठं दिसतोय? मान वाऱ्यानं धरलीय."

"मी एवढ्यांना मारली, कोन मेला नाय," मावशी म्हणाल्या. "मार रं बाळू."

मी मेस्त्रीला दंडाला धरून आत नेलं. "बाळू, तुझ्या लाथेनं मावशी लुळ्या पडल्या तर उद्यापासून तुझ्या पायाला कोण विचारेल?"

त्याने बाहेर जाऊन चप्पल घातली आणि तो गंभीरपणे म्हणाला, "मावशे, पायाळूला पायाळूची लाथ चालत नाय. उलटते."

"मी तर पयल्यांदाच आयकते."

"माज्या आज्यानं सांगितलेलं हाय."

आज्यापुढे कोणाचं चालत नाही. मावशी माझ्याकडे वळल्या, मानेसकट अख्ख्या. "मग तुमचं काय ते द्या."

मी कॉलर दिली, सुजेच्या गोळ्या दिल्या आणि मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी आठवड्यातून एकदाच घ्यायची मेथोट्रेक्सेटची गोळी सुरू केली. तिच्यासाठी अधूनमधून रक्त तपासावं लागे. ऑपरेशनची तयारी ठेवा म्हणाले होते, ते टळलं. मान पहिल्यासारखी वळली नाही, पण पुढच्या लावणीला मावशी बांधावर उभ्या राहून सुनांना ओरडत होत्या. मला फार बरं वाटलं.

"बाळूनं वाचवलं बगा मला," त्या म्हणाल्या.

राग यायला हवा होता. पण म्हातारी खोटं बोलत नव्हती.

आता बाळूचा तो नियम तालुक्यात पूर्वापार चालत आलेला आहे. मानदुखीचा कोणी पायाळू आला तर मीही आधी तोच सांगतो. एक्स-रे नंतर काढतो.